क्लच प्लेट गेलीय

माझ्याकडे चारचाकी आहे आणि माझी आई तिच्यात बसत नाही. आईचं वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे दुखतात, जिना चढताना भिंतीला धरते. तरी फाट्यावर उभी राहून माणसं कोंबून नेणाऱ्या वडाप जीपला हात करते. निरगुडसरमध्ये हे सगळ्यांना दिसतं. तोंडावर कोणी विचारत नाही, पण मी टपरीवर चहाला गेलो की बोलणी जरा थांबतात. परवा एकाने विचारलंच, "काय राव, गाडी कशाला घेतली? आईला जीपनं पाठवायला?" सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन बायकोवर चिडलो, तिचा काही संबंध नसताना.

प्रश्न तसा बरोबर होता. मी अवसरी खुर्दला कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं पोरांना लेथ मशीन शिकवलं. रोज मोटरसायकलवर गेलो, मोटरसायकलवर आलो. पाऊस आला तर रेनकोट. मंचरला बाजार करायचा तर मोटरसायकलला दोन्हीकडे पिशव्या. मुलगी पुण्याला दिलीय, तिच्याकडे जायला एसटी. एवढ्या वर्षांत चारचाकीवाचून माझं एकही काम अडलं नाही. आणि निवृत्त झाल्यावर, कुठे जायचंच उरलं नाही तेव्हा, मी गाडी घेतली. बायको म्हणाली, "आता कुठं जायचंय?" मी म्हणालो, "जायचं कुठं नाही. पण असावी."

त्या 'असावी'च्या मागे माझे वडील होते.

पंचवीस वर्षं होऊन गेली. भर दुपारी वडील रानातून आले, ओट्यावर बसले आणि आईला काहीतरी सांगायला लागले तर शब्दच नीट फुटेनात. तोंड एका बाजूला गेलं. उजवा हात पडला. मी कामावर होतो, तेव्हा मोबाइल नव्हते. आई धावत वरच्या आळीला गेली. तिथे एका बागाईतदाराकडे गाडी होती, गावात तेव्हा दोनच गाड्या, त्यातली एक. गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. मालक पडवीत बसले होते. त्यांनी आईला पाणी द्यायला सांगितलं आणि म्हणाले, "चावी पोराकडं हाय, त्यो जुन्नरला गेलाय." आई ते पाणी न पिता परत पळाली. शेवटी टोमॅटोचा पिकअप नारायणगावला निघाला होता, त्यात वडिलांना क्रेटांवर आडवं घातलं. आईने त्यांचं डोकं मांडीवर धरलं होतं. पिकअप वाटेत दोन ठिकाणी माल भरायला थांबला, कारण माल भरल्याशिवाय त्याचंही भागत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, थोडं लवकर आणलं असतं तर बरं झालं असतं. वडील त्यानंतर चार वर्षं जगले. त्या चार वर्षांत त्यांच्या तोंडून एक शब्द सरळ निघाला नाही.

आम्ही बौद्ध, ते गावातले जुने जमीनदार. मी त्या चावीचा अर्थ एका क्षणात लावला आणि इतकी वर्षं तोच धरून बसलो: आमच्या माणसाला त्यांच्या सीटवर घ्यायचं नव्हतं. त्यांच्या दारावरून जाताना मी मान वळवून जायचो. त्यांच्या घरच्या लग्नाला गेलो नाही, मयताला गेलो नाही. आईने मात्र माझ्या बोलण्याला कधी हो म्हटलं नाही. कोणी विचारलं तर ती तेवढंच सांगायची, "चावी नव्हती." त्या माणसाने जे सांगितलं ते जसंच्या तसं, त्यात आपलं काही न घालता. मला तिचा त्याबद्दल राग यायचा.

तर गाडी आली. पांढरी, छोटी, पण नवी. आम्ही नारळ फोडत नाही. आईने गाडीपुढे पाटावर मेणबत्ती लावली, अगरबत्ती लावली, आळीतली पंधरा-वीस माणसं हात जोडून उभी राहिली आणि आम्ही त्रिशरण-पंचशील म्हटलं. आईचा आवाज सगळ्यांत खणखणीत. पाच शीलांतलं चौथं खोटं न बोलण्याचं, त्यावर ती नेहमी जरा जोर देते आणि माझ्याकडे बघते. मी चौथीत असताना पाटी फोडली आणि मांजराने पाडली म्हणून सांगितलं, तेव्हापासून तिचं मत आहे की ते शील खास माझ्यासाठीच ठेवलेलं आहे. त्या दिवशीही तिने बघितलं. सगळ्यांना पेढे दिले आणि मग समोरच्या घरातल्या मावशीचा हात धरून ती मोठ्याने म्हणाली, "आता तुला जीपमदी दाबून बसायला नको. सोमवार आन् बेस्तरवार, तुझी गाडी हाय ही."

मला विचारलं नव्हतं. मी पेढ्याचा खोका हातात धरून उभा होतो आणि सगळ्यांदेखत हसलो.

ही मावशी माझी सख्खी मावशी नव्हे. आई आणि ती एकाच वर्षी या आळीत नांदायला आल्या. दोघींनी बरोबर कांदे काढले, बरोबर द्राक्षांच्या बागेत विरळणीला गेल्या, एकमेकींची बाळंतपणं केली. मी लहानपणी दोन्ही घरी जेवायचो. तिचा नवरा गेला, मुलगा चाकणला कंपनीत आहे, रजा मिळेल तेव्हा येतो. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात. आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, नारायणगावला जाऊन चार तास मशीनला लावून घ्यावं लागतं. एक खेप चुकली की अंगावर सूज येते, दुसरी चुकली की दम लागतो. तिसरी चुकवायची नसते, असं डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं. जायचं म्हणजे फाट्यावरून वडाप जीप मंचरला, तिथून दुसरी जीप हायवेने नारायणगावला, आणि येताना तेच उलटं, अंगातलं बळ काढून घेतलेलं असताना.

सुरुवातीचे तीन-चार महिने मी तिला आनंदाने नेलं, हे सांगायला पाहिजे. सकाळी साडेसहाला गाडी काढायचो. मावशी चप्पल बाहेर काढून ती मांडीवर घेऊन बसायची. मी म्हणायचो, "मावशी, चप्पल घाल गं." ती म्हणायची, "नको रं बाबा, खाली कसलं भारी आंथरलंय." पहिले दोन दिवस मी आग्रह केला. मग सोडून दिला. चप्पल मांडीवरच बरी, असं मला वाटायला लागलं होतं आणि ते तिला न सांगता कळलं होतं. वाटेत ती शेतं ओळखायची: इथे आपण कांदा काढला, इथे तुझी आई विंचू चावून पडली, इथल्या मालकाने आपल्याला उसाचा रस पाजला. तिला वाटेतला प्रत्येक बांध माहीत होता. मला फक्त स्पीडब्रेकर माहीत होते.

पण गाडी दारात असली की तिचं आणखी काय होतं ते घेणाऱ्याला आधी कळत नाही. माझं नावच गेलं, मी 'गाडीवाला' झालो. कोणाला सोयरीक बघायला जायचं, कोणाच्या पोरीचा पेपर, कोणाची सासू चक्कर येऊन पडली. मीही आधी नाही म्हटलं नाही. एकाने लग्नाला नेली ती मागच्या दाराला खरचटून आणली आणि "आधीचंच व्हतं की ते" म्हणून चावी माझ्या हातात ठेवली. त्या दिवसापासून मी गाडीला कव्हर आणलं. राखाडी, खाली इलास्टिकवालं. बायको त्याला गाडीची गोधडी म्हणते.

गावात गाडी मागायला आलेल्याला 'देत नाही' असं कोणी म्हणत नाही. ते उद्धटपणाचं दिसतं. त्यासाठी ठरलेली वाक्यं आहेत. बॅटरी उतरलीय. इन्शुरन्स संपलाय. टायरला चीर गेलीय. पाव्हण्यांनी नेलीय. ऐकणारा लगेच "असू दे, असू दे" म्हणतो, आणि वर "लवकर करून घ्या बरं का भाऊ" असंही म्हणतो. दोघांनाही सगळं ठाऊक असतं. बोलताना झाकलेल्या गाडीकडे कोणी बघायचं नाही, एवढा त्यातला नियम. मी ती वाक्यं फार लवकर शिकलो. तीस वर्षं मशीनच शिकवली असल्यामुळे माझी कारणं इतरांपेक्षा जास्त पटायची. मी नुसतं 'बिघडलीय' म्हणत नसे. कुठला भाग, काय झालं, किती दिवस लागतील, सगळं सांगायचो.

मावशीला मात्र मी कधी नाही म्हटलं नव्हतं.

एका गुरुवारी येताना कळंबच्या पुढे तिला उलटी झाली. मशीनवरून आल्यावर व्हायची कधीकधी, म्हणून मी पिशवी ठेवलेली असायची, पण त्या दिवशी पिशवी उघडायलाही वेळ मिळाला नाही. मी गाडी कडेला घेतली, उतरलो, मागचं दार उघडलं. तिचा चेहरा पांढराफटक होता, डोळे मिटलेले, पदर तोंडाला धरलेला. हे सगळं मला नंतर आठवलं. मी दार उघडल्यावर आधी सीट बघितली, मग तिला बघितलं. तिने डोळे उघडले तेव्हा मी सीटकडेच बघत होतो. ती म्हणाली, "मी धुवून देते रं घरी गेल्यावं." मी म्हणालो, "काय बोलतेस मावशी, काही होत नाही." पण ती एक नजर तिने पाहिली होती. त्यानंतर ती गाडीत बोलायची कमी झाली.

मी नवीन सीट कव्हरं घालून आणली. क्रीम रंगाची, खालची मॅटही तशीच. कोणीही शहाणा माणूस निरगुडसरच्या धुळीत क्रीम रंग घेत नाही. शुक्रवारी मुलीकडे पुण्याला जायचं होतं, तिचं ओटीभरण होतं, तिच्या सासरची सगळी माणसं येणार होती. आपण एसटीतून पिशव्या घेऊन उतरणारी माणसं नाही, हे त्यांना एकदा दिसावं असं मला वाटत होतं. हे लिहितानाही लाज वाटते, पण तेव्हा लाज वाटली नाही. बुधवारी संध्याकाळी मी पाइप लावून तासभर गाडी धुतली, टायर काळे केले, आतून पुसली आणि कव्हर घातलं.

गुरुवारी सकाळी सव्वासहाला मावशी पिशवी घेऊन दारात आली. आई न्हाणीत होती. मी ओट्यावर उभा होतो. काय बोलायचं ते मी ठरवलं नव्हतं. तिची पिशवी बघितली, क्रीम कव्हरं डोळ्यांपुढे आली आणि तोंडातून वाक्य निघालं, "मावशी, क्लच प्लेट गेलीय गं. गॅरेजवाला दोन दिवसांनी बघतो म्हणाला."

मावशीने गाडीकडे बघितलं नाही. ती लगेच म्हणाली, "असू दे, असू दे. जीप काय मेली न्हाई." दोन पावलं गेली आणि परत वळून म्हणाली, "व्हईल ना रं नीट? नवीच हाय की आजून." मी म्हणालो, होईल. ती फाट्याकडे चालायला लागली. चालताना एक हात कमरेवर होता. मी तिला वळणापर्यंत बघत होतो. तेव्हाही हाक मारता आली असती. मी आत जाऊन चहा घेतला.

आईने विचारलं, मावशी आली नाही का? मी म्हणालो, तिला जीप मिळाली. हेही एका अर्थी खरंच होतं, असं मी मनाला सांगितलं.

दुपारी दीडला फोन आला. नंबर मावशीचा, आवाज पुरुषाचा. तो म्हणाला, "हॅलो, तुमी गाडी का?" मला कळेना. "आवो हितं येक आजी हायेत, त्यांच्या फोनात 'गाडी' म्हणून तुमचाच नंबर हाय, पहिलाच. कळंबच्या अलीकडं टपरीवं बसवलंय. हातातनं रगत येतंय, थांबंना. लगीच या."

तिच्या हातावर ऑपरेशन करून जाड केलेली एक शीर आहे, तिथेच मशीनच्या सुया टोचतात. जीपमध्ये तिघांच्या सीटवर चौथ्या माणसाला बसवलं, कोणाचा तरी डबा की कोपर त्या हातावर रेटलं गेलं, आणि पट्टी सुटून रक्त वाहायला लागलं. माणसं घाबरली, ड्रायव्हरने तिला टपरीवर उतरवून फोन लावायला सांगितला आणि बाकीची गिऱ्हाइकं घेऊन तो पुढे गेला. त्याला मी शिव्या दिल्या. पण त्याने निदान तिला जीपमध्ये बसवून तरी घेतलं होतं.

मी फोन ठेवला तेव्हा आई समोर उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. मी चावी घेतली. आईच्या डोळ्यांदेखत मी ते राखाडी कव्हर ओढून काढलं. खाली गाडी चकचकत होती. मी बसलो, चावी फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. इतका गोड आवाज की तीस वर्षं मशीनचे आवाज ऐकणाऱ्या मला त्यात एकही खोट काढता आली नसती. आई मागचं दार उघडून बसली.

मावशी टपरीच्या बाकावर होती. टपरीवाल्याच्या बायकोने हाताला टॉवेल बांधून तो हात वर धरून ठेवला होता. टॉवेल लाल झाला होता. आम्ही तिला उचलून गाडीत घेतलं, आईने तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि तो हात स्वतःच्या दोन्ही हातांत दाबून धरला. गाडी नारायणगावकडे वळवली. आरशात मला आई दिसत होती आणि तिच्या मांडीवर मावशीचं डोकं. हे चित्र मी कधी बघितलं नव्हतं, पण ऐकलं होतं. फक्त क्रेट नव्हते.

मावशीने डोळे उघडले आणि विचारलं, "झाली का रं गाडी नीट?"

मी म्हणालो, "हो मावशी. झाली."

आरशात आईने माझ्याकडे बघितलं.

डॉक्टरांनी शीर दाबून, टाके घालून रक्त थांबवलं. वेळेत आणलंत, म्हणाले. मावशी वाचली. संध्याकाळी तिला घरी सोडलं, आईने पेज पाजली, तिच्याकडून सकाळचं सगळं ऐकलं आणि घरी आली. मी ओट्यावर बसलो होतो. आईने पायांवर पाणी घेतलं, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "तवा चावी नव्हती. आता क्लच."

एवढंच. पंचवीस वर्षं ती 'चावी नव्हती' हे जसं सांगत आली तसंच, त्यात आपलं काही न घालता. तिने माझ्या कानाखाली मारली असती तर बरं झालं असतं. त्या बागाईतदाराने जातीमुळे नाही म्हटलं, हे मी इतकी वर्षं छातीशी धरून होतो. असेलही. तसं नसेल असं मी आजही म्हणणार नाही. पण त्याच्या ताडपत्रीखाली कदाचित नुसती एक धुतलेली गाडीच होती, हा विचार त्या संध्याकाळी पहिल्यांदा माझ्या डोक्यात आला आणि तो जात नाही. त्याचा राग करून मी जो मोठा झालो होतो, तोही मी उरलो नाही.

शुक्रवारी पुण्याला गेलो. आई आली नाही. मागच्या सीटच्या क्रीम कव्हरवर डाग होता आणि बायकोने त्यावर टॉवेल टाकला होता. मुलीच्या सासरच्या कोणी गाडी बघितलीसुद्धा नाही. तिथे सगळ्यांकडेच आहे.

सोमवारी पहाटे उठून मी गाडी काढली, कव्हर घडी करून कोपऱ्यात फेकलं. सहाला आई चप्पल घालून, पिशवी घेऊन बाहेर आली. समोरून मावशी आली, हात गळ्यात बांधलेला. मी दार उघडून धरलं. आईने मावशीचा दुसरा हात धरला आणि फाट्याकडे वळली.

"आई, गाडी काढलीय."

"काढ न्हायतर झाक," ती म्हणाली. "आज काढशील. पुढल्या बारीला काय सांगशील, त्याची वाट बघत आमी बसायचं का? जीपवाला आला तर येतो, न्हाई आला तर न्हाई. त्यो काय सांगत बसत न्हाई. त्याला हात केला की भागतं. मागावी लागत न्हाई."

मी उभा राहिलो. मग गाडी सुरू केली आणि त्यांच्या जीपच्या मागे निघालो. फाट्यापासून मंचर, मंचरहून नारायणगाव. पुढे कोंबून भरलेली जीप, मागच्या दारात पाय टाकून बसलेली दोन माणसं, आणि मागे माझी रिकामी गाडी. मंचरच्या पुढे एका थांब्यावर ड्रायव्हर मान बाहेर काढून ओरडला, "पावणं, रिकामीच चाललीय व्हय? दोन शिटा तुमच्यात टाकू का?" जीपमधली माणसं हसली. आई हसली नाही. मी त्या दिवशी तिथल्या दोन माणसांना खरोखर बसवून नेलं, त्यांनी पैसे पुढे केले तेव्हा मानेनेच नको म्हटलं.

चार तास मी दवाखान्याबाहेर बसलो. मावशीला घेऊन आई बाहेर आली. मावशी ताठ उभी राहू शकत नव्हती. मी पुढे झालो आणि रस्त्यावरच, रिक्षांच्या आणि टोमॅटोच्या पिकअपांच्या गोंधळात, म्हणालो, "मावशी, क्लच प्लेट गेली नव्हती. गाडी चांगली होती. मी खोटं बोललो. सीट खराब होईल म्हणून."

वाटलं होतं त्यापेक्षा मोठ्याने बोललो. बाजूचा पेरूवाला बघायला लागला.

मावशी म्हणाली, "ठावं हाय मला. आदल्या दिशी सांजच्याला तू गाडी धुतली, ते पाणी माझ्या उंबऱ्यापतुर आलं व्हतं. बिघडल्याली गाडी कोण तासभर धुतं?" थोडा दम घेऊन म्हणाली, "म्हटलं, लेकीकडं जायचं आसल. तसं म्हणाला आसता तर मी काय न्हाई म्हणले आसते का रं?"

मला रस्त्यावर रडू आलं. साठीला आलेला माणूस, रुमालही सापडेना. मावशीने आईचा हात सोडला, माझ्या खांद्याला धरलं आणि गाडीकडे गेली. दार मी उघडलं. ती बसली. पायांत चप्पल तशीच होती, दवाखान्याच्या दारातल्या चिखलाची. तिने पाय आत घेतले आणि क्रीम रंगाच्या मॅटवर नीट टेकवले.

"आई, चल," मी म्हणालो.

आई उभीच होती. मावशीने आतून हाक मारली, "आगं ये की. झालं-गेलं."

"तुझं तू सोडलंस," आई तिला म्हणाली. "तू मोठ्या मनाची हायेस." मग माझ्याकडे बघून, अगदी हळू, रागाचा मागमूस नसलेल्या आवाजात म्हणाली, "मला तुझ्या बापाला इचारावं लागंल. आन् त्यो बोलत न्हाई."

तिने वळून जीपला हात केला. जीप थांबली.

तेव्हापासून असंच चाललंय. सोमवारी आणि गुरुवारी मावशी माझ्या गाडीत असते, पायांत चप्पल घालून, पुन्हा शेतं ओळखत. आई पुढच्या जीपमध्ये असते. ती मावशीबरोबर नारायणगावला येतेच, चार तास तिच्या उशाशी बसतेच, पण माझ्या गाडीत पाय ठेवत नाही. मंचरला ती जीप बदलते तेव्हा मी कडेला थांबतो. आता कोणी गाडी मागायला आलं तर मी हो म्हणतो, नाहीतर 'द्यायची नाही' असं तोंडावर सांगतो. त्यामुळे माझ्याबद्दल वाईट बोललं जातं आणि ते मला चालतं. गाडी गरजेची आहे का, याचं उत्तर मला अजून देता येत नाही. मावशीला ती आहे. आम्हाला नव्हती. पण कधीच नाही न म्हणणारा माणूस दारात असण्याची गरज होती, आणि त्याच्या जागी मी गाडी आणून उभी केली.

जीप जुनी आहे, चढाला हळू होते. मग मीही हळू होतो. मावशी म्हणते, "घे की रं पुढं, मोकळाच हाय रस्ता." मी घेत नाही. फाट्यावर जीप थांबते. आई दांडीला धरून एक पाय खाली टाकते, मग दुसरा टाकायच्या आधी थांबते आणि मान वळवून मागे बघते. गाडी आलीय का ते बघते. आलेली दिसली की उतरते आणि आमची वाट न बघता घराकडे चालायला लागते.